पेच दडवण्याची कला: बॉनेटखालच्या गुळगुळीतपणाबद्दल



आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की सौंदर्यविचाराच्या व्याख्यानमालेत नट-बोल्ट कुठून आले? तर तेच बोलायचंय. नट-बोल्ट कुठून आले, आणि मुख्य म्हणजे गेले कुठे.

कस्टम गाड्या, म्हणजे जुनी किंवा नवी गाडी घेऊन मालकाच्या हौसेप्रमाणे पुन्हा घडवलेल्या गाड्या, हा अमेरिकेतला एक मोठा कलाव्यवहार आहे. कलाव्यवहार हा शब्द मी जाणून वापरतोय. त्याला घराणी आहेत, बुजुर्ग आहेत, परीक्षक आहेत, बक्षिसं आहेत, आणि 'हे अस्सल नाही' म्हणून नाकं मुरडणारे जाणकारही आहेत. या व्यवहारात गेल्या काही दशकांत एक रूढी पक्की झाली. बॉनेट उघडल्यावर इंजिन दिसावं, पण ते कशानं धरून ठेवलंय ते दिसू नये. बोल्टचं डोकं नको, स्क्रू नको, क्लिप नको, वायर तर नकोच. इंजिनाच्या मागचा पत्रा, ज्याला फायरवॉल म्हणतात, तो आरशासारखा सपाट. बाजूचे पत्रे एकसंध. मध्ये इंजिन असं ठेवलेलं, की जणू वरून अलगद उतरलं आणि तिथेच थांबलं.

अशा गाडीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. नेटवर शेकड्यांनी मिळतील. पहिल्या क्षणी काय होतं? आपण थक्क होतो. ते थक्क होणं खोटं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बरीच टीका करणार आहे.

आता हे करतात कसं ते बघू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या फायरवॉलला पुष्कळ भोकं असतात. हीटरच्या नळ्या, वायरिंगचा जुडगा, क्लचची केबल, वायपरची मोटर, आणि काही भोकं तर दुसऱ्याच मॉडेलसाठी पाडलेली. यातली नको असलेली भोकं पत्र्याचे तुकडे कापून वेल्डिंगनं बुजवायची. एका दमात वेल्डिंग मारलं तर उष्णतेनं पत्रा वाकडा होतो, म्हणून ठिपका ठिपका करत, थांबत थांबत. मग ग्राइंडर, मग पातळ लांबी, मग घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. मडगार्ड आतल्या पत्र्याला ज्या कडेवर बसतं, तिथे वरून बोल्टांची एक रांग दिसते. ती घालवायची तर खालच्या बाजूनं नट वेल्ड करून घ्यायचे आणि बोल्ट खालून, चाकाच्या पोकळीतून लावायचे. किंवा झाकणपट्टीच्या पाठीला स्टड वेल्ड करायचे, पट्टी वरून बसवायची आणि नट मागून आवळायचे. व्हॉल्व्ह कव्हरवरच्या कॉइल दुसरीकडे न्यायच्या. ब्रेकचा मास्टर सिलिंडर फायरवॉलवरून काढून डॅशबोर्डच्या खाली न्यायचा. वायरी मडगार्डच्या पोटातून फिरवायच्या.

हे सगळं शेकडो तासांचं काम आहे, आणि ते नीट झालं तर त्यातलं काहीच दिसत नाही. कारागिरानं आपलीच मेहनत पुसून टाकायची, हा या कलेचा पहिला नियम.

पण ही कला नेहमीच अशी नव्हती. 1932 साली फोर्डनं सर्वसामान्यांना परवडेल असं व्ही-8 इंजिन आणलं. लोक त्याला फ्लॅटहेड म्हणतात. हॉट रॉडचा सगळा पंथ या इंजिनाभोवती वाढला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत प्रत्येक हेड 21 स्टडनी धरलेलं असे, नंतरच्या आवृत्तीत 24. दोन्ही बाजूंची मिळून 48. पोरांनी त्या स्टडचं काय केलं? लपवले? छे. त्यांच्यावर क्रोमच्या घुमटीच्या चाक्या चढवल्या, बॉनेट काढून टाकलं आणि त्या चमकणाऱ्या रांगा रस्त्यावर मिरवल्या. त्या चाक्या म्हणजे दागिना होता. आणि दागिना होता तोही जिथे भार होता तिथेच.

त्याच काळात कॅलिफोर्नियात दुसरी एक धारा वाहत होती. जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे बंधू गाड्यांच्या बाहेरच्या अंगावरचं चिन्ह, पट्टी, हँडल काढून, सांधे शिशानं भरून अंग गुळगुळीत करत होते. 1951 ची मर्क्युरी घेऊन त्यांनी 1952 मध्ये केलेली हिरोहाता मर्क ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. म्हणजे गुळगुळीतपणा आधी बाहेर होता, आणि आत यंत्र यंत्रासारखं होतं. पुढे 1980 च्या दशकात बॉइड कॉडिंग्टनसारख्या लोकांनी, हा माणूस मूळचा मशिनिस्ट, अख्खी गाडी एकाच वृत्तीनं घडवायला घेतली. अॅल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून कोरलेले भाग, कमीत कमी रेषा, आणि बाहेरचा गुळगुळीतपणा आत शिरलेला. इथून बॉनेटखालचा पेच लाजेचा विषय झाला.

लाजेचा का? इथे मला रोलां बार्थ आठवतो. 1955 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटर शोमध्ये सिट्रोएननं डीएस ही गाडी दाखवली आणि बार्थनं तिच्यावर एक छोटा निबंध लिहिला. 1957 च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये तो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुळगुळीतपणा हा परिपूर्णतेचा गुण वाटतो, कारण सांधा दिसला की माणसानं केलेली जोडाजोड उघडी पडते. ख्रिस्ताचा झगा शिवणीवाचूनचा होता, विज्ञानकथांतली यानं अखंड धातूची असतात. म्हणजे सांधा नाही, म्हणजे हात लागलेला नाही, म्हणजे दैवी.

बार्थचा एवढाच भाग लोक सांगतात. पण तो पुढे जे म्हणतो ते जास्त मोलाचं आहे. त्याचं म्हणणं, लोक त्या गाडीजवळ जाऊन काय करत होते? तिचे सांधेच चाचपत होते. काचेची कड, रबराची खाच, पत्रे एकमेकांना कुठे भेटतात ते. आणि मी यात एक गोष्ट घालतो, जी बार्थ सांगत नाही. त्या डीएसचं मागचं मडगार्ड चाकाला अर्धं झाकून टाकतं, त्यामुळे चाक बदलायचं तर मडगार्ड काढावं लागतं. ते धरलेलं कशानं? मागच्या टोकाला असलेल्या एका बोल्टनं. एका! तो सोडवला की अख्खं मडगार्ड हातात. ज्या गाडीला आपण बिनशिवणीची दैवी वस्तू म्हणून ओवाळतो, तिच्या अभियंत्यांनी बोल्ट दडवण्यापेक्षा बोल्टांची गरजच कमी केली, आणि जो उरला तो रस्त्यात पंक्चर झालेल्या माणसाच्या हाताला लागेल असा ठेवला. माझ्या मते इथेच आपल्याला कसोटी सापडते. लपवणं आणि कमी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

वेरूळचं कैलास लेणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते खरंच अखंड आहे, एकाच कातळातून वरून खाली कोरलेलं. तिथे सांधा नाही, कारण जोडकामच नाही. गाडी मात्र जोडकामाचीच वस्तू आहे. ती झिजणार, तापणार, हादरणार, आणि दर काही हजार किलोमीटरनी कुणाला तरी ती उघडावी लागणार. गाडीला कैलासाचा मुखवटा चढवायचा तर तो उतरवायची सोयही ठेवावी लागते.

थोडं यंत्रशास्त्र सांगतो, कंटाळू नका. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. तुम्ही पान्यानं आवळता तेव्हा तो सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. सांधा टिकतो तो या दाबामुळे. तुम्ही पान्याला जो जोर लावता, त्यातला ढोबळ मानानं निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि दाब म्हणून उरतो दहाच्या आसपास टक्के. म्हणजे डोक्याखाली काय आहे, आट्यांत काय आहे, याला भयंकर महत्त्व. आता तुम्ही तिथे प्रायमर, लांबी, रंगाचे चार हात आणि वर क्लिअर असा जाड थर चढवलात. बोल्ट आवळलात. इंजिन तापलं, थर दबला, सरकला, आणि ताणलेली स्प्रिंग सैल झाली. बोल्ट जागेवर आहे, दाब मात्र गेला. दिसायला काहीही फरक नाही.

दुसरं, गाडीच्या विजेचा परतीचा रस्ता तिच्या पत्र्यातूनच असतो. कितीतरी ठिकाणी बोल्ट हाच अर्थिंगचा बिंदू असतो, तिथे उघडा धातू लागतो. गुळगुळीत रंगकामाच्या नादात हे बिंदू रंगाखाली जातात, आणि मग दिवे मंद लागतात, सेन्सर भलतंच सांगतात, मालक महिनाभर बॅटरीला शिव्या देतो. (हशा)

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर त्याची ओळख लिहिलेली असते. मेट्रिक असेल तर 8.8, 10.9 असे आकडे. अमेरिकन मापाचा असेल तर ग्रेड 5 ला तीन रेषा, ग्रेड 8 ला सहा. तो किती ताण सोसेल याचं ते प्रमाणपत्र. प्रदर्शनाच्या गाड्यांत बोल्ट दिसायलाच लागणार असेल तर ही अक्षरं लेथवर उडवतात आणि डोकं पॉलिश करतात. किंवा षटकोनी बोल्टच्या जागी बुटक्या गोल डोक्याचे, बटन हेड म्हणतात ते, ॲलन किल्लीचे स्क्रू लावतात. दिसतात गोड. पण त्यांचं डोकं कमी जाडीचं, किल्लीचं भोक लहान, भारी आवळणीचं काम त्यांचं नव्हे. झाकणाला लावा, खुशाल लावा. ब्रेक किंवा सस्पेन्शनच्या सांध्याला लावलेत तर मी त्याला सौंदर्यदृष्टी म्हणणार नाही.

मराठीत 'पेच' हा शब्द बघा. पेच म्हणजे स्क्रू, पेच म्हणजे कुस्तीतली पकड, आणि पेच म्हणजे अडचण. तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: तो घालता येतो आणि सोडवताही येतो. न सुटणारा पेच हा पेचच नाही. खिळा ठोकला, वेल्डिंग मारलं, चिकटवलं, की तो निर्णय झाला. स्क्रू लावणारा माणूस मात्र मानून चालतो की उद्या कुणीतरी हे उघडेल. त्या उद्याच्या माणसाशी ठेवलेलं ते एक नातं आहे.

म्हणून मी दडवण्याचे दोन प्रकार मानतो. एकात पेच हलवला जातो, दुसऱ्यात पुरला जातो. मडगार्डचे बोल्ट वरून काढून खालून लावले, हे हलवणं. ते काम मला फार आवडतं. त्यात नवा विचार आहे: पान्याला कुठून वाट मिळेल, गाडी किती उचलावी लागेल, नट गरगर फिरू नये म्हणून त्याला पत्र्याला पकडून ठेवायचं की नाही. पुरणं म्हणजे बोल्टच्या डोक्यावर लांबी भरून रंग मारणं. हेही होतं, बरं का. ज्या दोन भागांमध्ये किंचितही हालचाल आहे तिथे ती लांबी तडकतेच, आणि तडकली नाही तर एक दिवस कुणीतरी छिन्नी घेऊन तडकवतो.

या कस्टम पंथानंच याचं उत्तम उदाहरण दिलेलं आहे. दाराची हँडलं काढून टाकली की दार उघडायचं कसं? आत विजेचा सोलेनॉइड बसवतात, बटन दाबलं की दार फट्कन सुटतं. आणि बॅटरी उतरली तर? म्हणून अनुभवी कारागीर गाडीच्या पोटाखाली कुठेतरी एक केबल दडवतात. ती ओढली की दार उघडतं. बघणाऱ्याला ती दिसत नाही, पण ज्याला सांगितलंय त्याला वाट आहे. गुळगुळीत इंजिन-बेकडून मी एवढीच अपेक्षा करतो. त्या केबलची भावंडं कुठे आहेत ते दाखवा.

आता कुणी म्हणेल, मग उघडे बोल्ट म्हणजे प्रामाणिकपणा आणि लपवलेले म्हणजे ढोंग. असं मी म्हणत नाही. उघडे बोल्टही सर्रास खोटं बोलतात. चाकाच्या कमानीवर प्लॅस्टिकची रुंद पट्टी लावतात, तिच्यावर बोल्टांची रांग असते, आणि पट्टी प्रत्यक्षात चिकटपट्टीवर उभी असते. दगडधोंड्यांत चालणाऱ्या जीपच्या चाकांना टायर धरून ठेवणारी खरी बोल्टांची कडी असते. तिची नक्कल करणाऱ्या रिमवर नुसते शोभेचे बोल्ट येतात. हे बोल्ट काहीच धरत नाहीत. फ्लॅटहेडच्या चाकीशी त्यांची तुलना करून बघा. डौल तोच, फक्त भार गायब.

आणि दाखवण्यातही किती उंची गाठता येते त्याला बुगाटी साक्षी आहे. एत्तोरे बुगाटीची इंजिनं चौकोनी, स्वच्छ, हातानं घासून सपाट केलेली. पण त्यानं बोल्ट लपवले नाहीत. ते हादऱ्यानं सुटू नयेत म्हणून एकातून दुसऱ्यात बारीक तार ओवली, आणि ती ओवण इतकी नेटकी की वेणी घातल्यासारखी दिसते. म्हणजे गुळगुळीत पृष्ठ आणि उघडा पेच यांचं वैर नाही.

मॅथ्यू क्रॉफर्ड यांचं 2009 चं एक पुस्तक आहे, 'शॉप क्लास अॅज सोलक्राफ्ट'. ते तत्त्वज्ञ आहेत आणि मोटरसायकली दुरुस्त करतात. आजच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं तर खाली आणखी एक बॉनेट असतं, अशी त्यांची तक्रार. काळं प्लॅस्टिकचं झाकण, आणि स्क्रू असलेच तर असे, की घरच्या पेचकसानं उघडू नयेत. कारखान्यानं मालकाला आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. इथे मला कस्टमवाल्यांचं नवल वाटतं. हे लोक कारखान्याची सत्ता झुगारून, आपल्या हातानं गाडी घडवणारे. त्यांच्या आजोबांनी बॉनेट फेकून दिलं होतं. आणि नातवंडं जे सौंदर्य गाठायला धडपडतात, ते शेवटी त्या काळ्या झाकणासारखंच म्हणतं: इथे हात लावू नका. शेकडो तास खपून त्यांनी कंपनीचीच भाषा शिकावी, हे मला दुःखाचं वाटतं.

एक पेच मात्र कुणीही, कुठल्याही कारणानं दडवू नये. गाडीच्या ओळख क्रमांकाची पाटी. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत ती फुलाच्या आकाराच्या खास रिव्हेटनी लावलेली असते, म्हणजे काढून परत लावली तर कळावं. काही जपानी गाड्यांत, उदाहरणार्थ 90 च्या दशकातल्या सिव्हिकमध्ये, क्रमांक फायरवॉलच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. फायरवॉल गुळगुळीत करण्याच्या भरात त्यावर लांबी फिरली, की तुमच्या सुंदर गाडीवर चोरीच्या गाडीचा संशय येतो. अमेरिकेत क्रमांक पुसणं हा केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि आपल्याकडेही चासी नंबरशी खेळ केला तर आरटीओत काय होतं ते सांगायला नको.

इथे थांबतो. वेळ आहे तर एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: पण सर, या गाड्या चालवायला नसतातच. प्रदर्शनात उभ्या राहायच्या असतील तर पाना लागतो की नाही याची चर्चा कशाला? शिल्पासारखं बघावं की.)

चांगला प्रश्न आहे, आणि अर्धा बरोबर आहे. डेट्रॉइटच्या ऑटोरामामध्ये रिडलर अवॉर्ड देतात. त्यासाठी गाडी तिथेच पहिल्यांदा दाखवलेली असावी लागते. त्यामुळे ती बक्षिसासाठी उभी राहते तेव्हा तिनं रस्ता जवळपास बघितलेलाच नसतो. परीक्षक टॉर्च घेऊन कोपरे बघतात, गाडीखाली आरसे ठेवलेले असतात. जे बघितलं जातं तेच घडवलं जातं, हे सगळ्याच कलांत होतं. माझी सूचना विचाराल तर परीक्षकांनी टॉर्चबरोबर एक पाना घ्यावा आणि मालकाला सांगावं, हे झाकण काढून दाखवा. गुण त्यालाही द्यावेत.

आणि शिल्पाचं म्हणाल, तर उभी गाडीही म्हातारी होतेच. रबराचे सील कडक होतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पीत राहतं. बक्षीस मिळालं, फोटो निघाले, चार वर्षांनी गाडी विकली. घेणाऱ्यापाशी ना आराखडा, ना कुठली खूण, समोर फक्त आरशासारखा पत्रा. तेव्हा उद्या तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घ्यायला निघालात, तर रंगावरून हात फिरवा, जरूर फिरवा. पण मास्टर सिलिंडर डॅशखाली नेलेला असेल, तर त्याच्या तेलाच्या डबीचं झाकण कुठून उघडतं, एवढं पैसे देण्याआधी विचारून घ्या.